काउन्सेलर म्हणाली 'आता थेरपी घ्या', म्हणजे मी जास्तच बिघडलेय का?

पत्र (थोडं कापून देतेय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत):

ताई, मी ३४ वर्षांची, सिंहगड रोडला राहते, खराडीला आयटीत आहे. दीड वर्षापूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले. रात्री पावणेदोनला आईचा फोन आला आणि मी धायरीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर रात्री कुणाचाही फोन वाजला, अगदी शेजारच्या फ्लॅटमधला जरी वाजला, तरी छातीत धडधडतं, हात गार पडतात. रिंगटोन तेव्हाच बदलली. रात्री तीन-चारदा उठून आईचं लास्ट सीन बघते. त्यात आईने कुठे राहायचं यावरून भावाशी कडाक्याचे वाद. कंपनीच्या ईएपीमधून (कर्मचाऱ्यांना मदत करणारी योजना, एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम) काउन्सेलर मिळाल्या, सहा सेशन फुकट, चार झाली. भावाशी बोलणं खरंच रुळावर आलं. पण चौथ्या सेशनला त्या म्हणाल्या, 'फोनच्या भीतीसाठी तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून सायकोथेरपी घ्या, ते माझं काम नाही.' मी हबकलेच. सासूबाई म्हणाल्या, काउन्सेलिंगपर्यंत ठीक होतं, आता हे पुढचं कशाला. नवरा म्हणतो, दोन्ही एकच, नाव बदलून पैसे काढतात. नक्की फरक काय आहे? आणि मी इतकी गेलेली केस आहे का?

उत्तर:

नाही, तुम्ही गेलेली केस नाही. आणि तुमच्या काउन्सेलर बाईंनी तुम्हाला झटकलेलंही नाही. मी स्वतः इतकी वर्षं समुपदेशनच करतेय, त्यामुळे सांगते, चौथ्याच सेशनला समोरच्याला स्पष्ट सांगणं की हा भाग माझा नाही, यासाठी बाईंचा अभ्यासही पक्का लागतो आणि नियतही. सहा सेशन गोड गोड बोलून संपवली असती आणि सातव्या आठवड्यात तुम्ही पुन्हा रात्री दोनला आईचं लास्ट सीन बघत बसला असता, तर मला जास्त राग आला असता.

आता फरक. पुस्तकी व्याख्या देत बसत नाही कारण तुमच्या पत्रातच दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत, त्याच उघडून बघू.

आधी भावाचं प्रकरण. आई धायरीत एकटी राहणार की तुमच्याकडे येणार, फ्लॅट ठेवायचा की विकायचा, औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा, हे प्रश्न आहेत, आजार नाही. असे प्रश्न कुणाच्याही घरात येतात आणि चांगल्या शहाण्या माणसाची त्यात दमछाक होते. तिथे काउन्सेलरने काय केलं ते तुम्ही पत्रात लिहिलंय (वर कापलंय मी), की 'तू कधीच काही करत नाहीस' हे वाक्य तुमच्याकडून कागदावर लिहून घेतलं, आणि मग त्याच्या जागी 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तू नेशील का' हे वाक्य तयार करून घेतलं, आणि तुम्ही ते दोनदा त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणून बघितलंत. हे समुपदेशन, आणि उत्तम समुपदेशन. त्यात तुमचं ऐकून घेणं आलं, गुंता सोडवून समोर मांडणं आलं, पर्याय बघणं आलं, निर्णय तुमचाच राहणं आलं. काम आजच्या प्रश्नावर चालतं, मुदत थोडी असते, बहुतेक वेळा सहा ते दहा-बारा भेटी, आणि गृहीत असं असतं की माणूस मुळात ठीक आहे, सध्या अडकलाय.

फोनचं वेगळं आहे. इथे तुम्हाला प्रश्नाचं उत्तर माहितीये. रात्री वाजलेला फोन बहुतेक रॉंग नंबर असतो नाहीतर नवऱ्याच्या परदेशातल्या टीमचा, हे तुम्हाला कळतं, पण छातीला कळत नाही. म्हणून इथे समजावून सांगणं, धीर देणं, पर्याय शोधणं यातलं काहीच पुरत नाही. कुणी शंभर वेळा 'अगं काही होत नाही' म्हटलं तरी पुढच्या रिंगला हात गार पडणारच. आणि ते जे लास्ट सीन बघणं आहे ना, ते नीट बघा. आई १२:४० ला ऑनलाइन होती हे दिसलं की तुम्हाला बरं वाटतं, जरा वेळच, पण वाटतं. आणि त्या जराशा सुटकेतून डोक्याला एकच धडा मिळतो की आपण तपासलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक. पुढच्या वेळी भीती अजून लवकर येते आणि तपासणं अजून वाढतं. दीड वर्षं हे चक्र रोज रात्री घोटून घोटून पक्कं झालंय, आणि ते नुसत्या इच्छाशक्तीने सुटत नाही.

सायकोथेरपी या चक्रात हात घालते. तुमच्याबाबतीत ती कशी असू शकेल ते सांगते म्हणजे भीती कमी होईल (पत्रावरून निदान मी करणार नाही, ते समोर बसूनच होतं). सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी पद्धत) करणारे थेरपिस्ट असतील तर आधी दोन-तीन भेटी फक्त माहिती घेतील, कधी होतं, किती वेळ टिकतं, तेव्हा डोक्यात नेमकं कोणतं वाक्य येतं. मग पायऱ्या ठरतील. सगळ्यात सोपी पायरी असेल, दुपारी, उजेडात, नवरा शेजारी असताना ती जुनी रिंगटोन वाजवायची, हो तीच, आणि धडधड सुरू झाली की काहीही न तपासता ती ओसरेपर्यंत बसून राहायचं. ती ओसरते. पहिल्यांदा हे स्वतःच्या शरीरात अनुभवलं की माणसाचा चेहरा बदलतो. मग तेच संध्याकाळी, मग एकटीने, मग रात्री. लास्ट सीन बघणं एकदम बंद नाही, आधी दहा मिनिटं पुढे ढकलायचं, मग अर्धा तास, मग सकाळपर्यंत. आणि जोडीला त्या रात्रीकडे परत जाणं, पावणेदोनचा फोन, सिंहगड रोडचा रिकामा रस्ता, वर जाताना जिन्यात ऐकू आलेला आईचा आवाज, हे सगळं सुरक्षित जागी, तयारीने, तुकड्यातुकड्याने सांगणं, आणि त्यात रुतून बसलेलं 'मी जागी असते तर बाबा वाचले असते' हे वाक्य बाहेर काढून तपासणं. तुम्ही पत्रात अगदी शेवटी, कंसात, लिहिलंय की त्या रात्री तुमचा फोन सायलेंटवर होता आणि आईचा तिसरा कॉल तुम्ही उचलला. मला वाटतं तुमच्या काउन्सेलर बाईंनी हेच ऐकलं असणार आणि म्हणूनच त्या थांबल्या. हे कुणी अर्धवट शिकलेल्या माणसाने उकरलं आणि तुम्हाला तसंच उघडं सोडून सेशन संपवलं तर त्रास वाढतो, म्हणून यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. पायऱ्या वाचून तुम्ही घरी प्रयोग सुरू कराल असं मला वाटतंय म्हणून आत्ताच सांगते, रिंगटोनचं एकवेळ ठीक आहे पण त्या रात्रीचं एकटीने घरी करू नका.

तर एक वाक्यात हवं असेल तर असं म्हणेन: समुपदेशन तुमच्यापुढे असलेल्या अडचणीवर काम करतं, सायकोथेरपी तुमच्या आत पक्क्या झालेल्या साच्यावर. पण तुमचे मिस्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हेही मान्य करते. सीमारेषा पुसट आहे आणि ती गेली कित्येक दशकं तशी आहे.

मुळात दोन्हीची घराणी वेगळी. समुपदेशनाचं मूळ बरंचसं करिअर मार्गदर्शनात आहे, फ्रँक पार्सन्स या माणसाने १९०८ साली बॉस्टनमध्ये तरुण मुलांना कोणतं काम झेपेल हे ठरवायला मदत करणारं ऑफिस काढलं, तिथून ती वाट सुरू झाली. पुण्यात तर आपल्याला हे फार ओळखीचं, दहावी झाली की मुलाला ज्ञानप्रबोधिनीत किंवा कुठेतरी अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला नेणारच, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. सायकोथेरपी आली दवाखान्यातून, व्हिएन्नामध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड हे डॉक्टर, समोर पेशंट, म्हणून तिला आजाराचा वास चिकटला तो अजून जात नाही. तुमच्या सासूबाईंना जे खटकतंय ते हेच आहे, त्यांना फरक कळलाय तो पाटीवरून, कामावरून नाही. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्सने या दोन वाटा जवळ आणल्या. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञ होता, आणि थेरपी हा डॉक्टरांचा प्रांत अशी तिथे समजूत असताना त्याने १९४२ साली जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच काउन्सेलिंग आणि सायकोथेरपी दोन्ही शेजारी ठेवले आणि आत ते जवळजवळ एकाच अर्थाने वापरले. आपल्याकडे अजून एक गंमत आहे, अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) ही पद्धत मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीतून इतकी पोचवली की महाराष्ट्रातले कितीतरी समुपदेशक रोजच्या कामात ती वापरतात, आणि ती मुळात सायकोथेरपीच आहे. म्हणजे पाटीवर 'समुपदेशन केंद्र' आणि आत थेरपी, असं सर्रास असतं, आणि उलटंही असतं.

आणि समुपदेशन म्हणजे हलकं, थेरपी म्हणजे भारी, असंही कृपा करून समजू नका. येरवड्याला मुक्तांगणमध्ये १९८६ पासून दारू आणि ड्रग्जमधून माणसं बाहेर काढतायत, आणि तिथल्या कामाचा कणा समुपदेशक आहेत, त्यातले कितीतरी स्वतः त्या व्यसनातून बाहेर आलेले. त्याला कोण हलकं म्हणेल?

म्हणून पाटीवर काय लिहिलंय यात अडकू नका, माणूस काय शिकलाय ते बघा. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस होऊन पुढे एमडी किंवा डीएनबी वगैरे केलेले डॉक्टर, औषध डॉक्टरच लिहितात, सायकॉलॉजिस्ट लिहू शकत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दिलंय, वर्षानुवर्षं त्यासाठी एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल आणि तेही पेशंटबरोबर देखरेखीखाली काम करून, असा रस्ता होता, आणि त्यांची नोंदणी आरसीआयकडे म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते, नाव टाकून त्यांच्या साइटवर बघता येतं. याच्या बाहेरही चांगले थेरपिस्ट आहेत बरं का, एमए काउन्सेलिंग सायकॉलॉजी करून मग सीबीटी किंवा ईएमडीआर (धक्कादायक आठवणींवर काम करणारी एक थेरपी) किंवा फॅमिली थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले, मी स्वतः अशांकडे लोकांना पाठवते. पण काउन्सेलर या नावावर तसा पक्का पहारा आजही नाही, महिनाभराचा ऑनलाइन कोर्स करून कुणीही कर्वे रोडला बोर्ड लावू शकतं आणि लावतातही, आणि याची मला खरंच काळजी वाटते कारण फटका बसतो तो आधीच मोडलेल्या माणसाला.

त्यामुळे फोन करून विचारा, लाजू नका. शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, अचानक झालेल्या मृत्यूनंतरची भीती किंवा पॅनिक यावर काम केलंय का, तुम्ही स्वतः कुणाकडे सुपरव्हिजन घेता का (म्हणजे आपलं काम अनुभवी थेरपिस्टला दाखवून तपासून घेता का), साधारण किती सेशन लागतील. शेवटच्या प्रश्नावर 'बघू, सांगता नाही येत, पण चार-पाच भेटींनंतर आपण दोघी मिळून आढावा घेऊ' असं उत्तर आलं तर चांगलं, आणि 'दोन सिटिंगमध्ये गॅरंटी' असं आलं तर फोन ठेवा. पूर्वजन्म, पत्रिका, ऑरा यातलं काही निघालं तरी ठेवा. अशा त्रासासाठी सीबीटी साधारण बारा ते वीस आठवडे, आठवड्याला एकदा, पाऊण ते एक तास असं धरून चला, मागेपुढे होतं. पैशांचं म्हणाल तर खाजगीत एका सेशनला हजाराच्या पुढेच धरा आणि हे महिन्याच्या बजेटमध्ये आधीच बसवा, कारण मधेच पैशासाठी सोडलेली थेरपी फार त्रासाची. जमणार नसेल तर ससूनची मानसोपचार ओपीडी आहे, तिथल्याच आवारात महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आहे, गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण माणसं शिकलेली असतात. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेचंही पुण्यात केंद्र आहे, तिथेही चौकशी करा.

त्याआधी एक काम, या आठवड्यातच. तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि एक ईसीजी करून घ्या. थायरॉइड जास्त असेल तरी अशीच धडधड होते, आणि वडिलांना हार्टचा त्रास होता म्हणजे तुमची तपासणी व्हायलाच हवी, मनाचंच असेल असं ठरवून टाकू नका. आणि ते डॉक्टर प्रेमाने झोपेची गोळी लिहून देऊ लागले तर विचारा, ही सवय लागणारी आहे का. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं आणि म्हणूनच त्या सुटत नाहीत. थेरपी चालू असताना औषध लागेलच असं नाही, लागलं तर थेरपिस्ट तुम्हाला सायकियाट्रिस्टकडे पाठवतील, ते जी औषधं देतात त्यातली बरीचशी व्यसन लावणारी नसतात, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे घेतात, आणि ती मनाने अचानक बंद करायची नसतात. थेरपी आणि गोळ्या दोन्ही चालू आहेत म्हणजे हार झाली असं अजिबात नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांना सगळं सांगायलाच हवं असं कुणी सांगितलं? शनिवारी सकाळी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, एवढं पुरे. त्या विचारतीलच, तर म्हणा, 'आई, रात्रीची झोप लागत नाही त्यासाठी आहे', आणि ते खरंच आहे. नवऱ्याला मात्र सांगा, सविस्तर, त्या सायलेंट फोनसकट. त्याला माहितीये का ते? पत्रावरून वाटत नाही. त्याचा विरोध पैशांना कमी आणि न कळण्याला जास्त आहे असं मला वाटतं, आणि रिंगटोनच्या पायऱ्यांमध्ये शेजारी बसायला तोच लागणार आहे. कंपनीला कळेल का, ही भीतीही तुमच्या पत्रात आहे. कायद्याने तुमची माहिती गोपनीय आहे, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असणं असे मोजके अपवाद सोडले तर थेरपिस्ट ती कुणाला देऊ शकत नाही. ईएपीतही सेशनमधलं बोलणं एचआरकडे जाता कामा नये, तरी काय नोंद ठेवता ते काउन्सेलर बाईंना सरळ विचारून घ्या.

अजून एक, हे तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. बाबांकडे जावंसं वाटणं, आपण नसतो तर बरं, असे विचार कधी येतात का? येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि त्याच रात्री नवऱ्याला उठवा.

आता ईएपीची उरलेली दोन सेशन. ती सोडू नका, तुमची आहेत. एक सेशन ठेवा थेरपिस्ट निवडण्यासाठी, काउन्सेलर बाईंकडून दोन-तीन नावं आणि पुढच्या थेरपिस्टला द्यायला एक छोटं पत्र मागून घ्या, म्हणजे बाबांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागणार नाही. दुसरं ठेवा भावासाठी. आईला रोज रात्री साडेनऊला एकेक दिवस आड तुम्ही आणि भाऊ फोन करणार, असं काही ठरवता येईल का ते त्यांच्यासमोर बसून आखा, भावाला कसं सांगायचं तेही लिहून काढा. फक्त ते सुरू कधी करायचं हे नव्या थेरपिस्टला विचारून ठरवा, नाहीतर साडेनऊचा फोन हाच नवा लास्ट सीन होऊन बसेल.